सपाट नंबर चौदा

सपाट नंबर चौदावर पेशी धरल्या होत्या. धरायला नको होत्या. शुक्रवारी दुपारी डबा खाऊन मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले, बोटांना अजून लसणाच्या चटणीचा वास होता, आणि त्या नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पेशीच पेशी दिसल्या. अंग चपटं करून, बारीक बोटं चारी बाजूंना पसरून, आठवड्याच्या बाजारात जागा धरून बसलेल्या बायकांसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या. मी डबीवरचं लेबल वाचलं. ‘स-१४’, अक्षर माझंच. मग तुकड्याचा कोपरा पाहिला. चौदा नंबर चिमट्यातून निसटून त्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, आणि याचाही तोच कोपरा उडालेला होता. म्हणजे अदलाबदल नाही. चार वर्षांत असे सपाट तुकडे मी तीनशे तरी पाहिले असतील. त्यांच्यावर पेशी धरत नसत. गोल गोळ्या होऊन त्यांच्या खाद्याच्या गुलाबी पाण्यात नुसत्या रेंगाळत आणि दोन दिवसांत मरत. खड्डे उठवलेल्या तुकड्यांवर धरत, सपाटावर धरत नसत, एवढ्या एका वाक्यावर माझा प्रबंध उभा होता, आणि तो प्रबंध त्या क्षणी बाइंडरकडे काळ्या रेक्झिनमध्ये बांधला जात होता. पाच प्रती, सोनेरी अक्षरं. मंगळवारी विद्यापीठात द्यायचा होता. मी डोळे बाजूला घेतले, चष्मा पुसला, पुन्हा लावले. पेशी होत्या तिथंच होत्या. शेजारच्या टेबलावर कुणीतरी रेडिओवर क्रिकेट ऐकत होतं आणि कुणाची तरी विकेट पडल्यावर ओरडलं.

हा प्रबंध काय आहे ते मी एकदा आण्णांना सांगितलं होतं आणि त्यांना ते माझ्या मार्गदर्शक इंद्रायणीमॅडमना कळायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात कळलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील, हौशीराम गवंडी. डिंगोऱ्याला दीड एकर कांदा आणि बाकीचं वर्ष हातात थापी. मी म्हटलं, माणसाच्या खुब्यात धातूचा सांधा बसवतात ना, तो हाडाला धरला पाहिजे, नाहीतर काही वर्षांनी आत हलायला लागतो. हाड तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या कशावर घट्ट बसतात ते आम्ही बघतो. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आम्ही खड्डे उठवतो, इतके बारीक की एका केसाच्या रुंदीत सात-आठशे मावतील. तुमच्या-माझ्या डोळ्याला तो तुकडा काचेसारखा गुळगुळीत. पण पेशीला खड्डे कळतात. ती बोटं बाहेर काढते, चाचपते, पटलं तर बसते, नाहीतर मुकाट मरते. आण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. ‘‘म्हंजी टाचे,’’ ते म्हणाले. जुन्या भिंतीवर नवा गिलावा करायचा तर आधी हातोडीच्या टोकानं भिंतभर टोचे मारून ती खडबडीत करायची असते, त्याला आमच्याकडे टाचे मारणं म्हणतात. गुळगुळीत भिंतीला सिमेंट धरत नाही. आज धरल्यासारखं दिसतं, पण आतून सुटलेलं असतं. ‘‘एवढं कळायला तुला पुन्यात चार वर्सं लागली व्हय? मला इचारायचं,’’ म्हणून ते हसले होते. प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं, ‘टाचे मारायला शिकवणाऱ्या आण्णांस.’ सोनेरी अक्षरांत नव्हतं ते, पण होतं. आता ते वाक्य आठवून माझे कान तापले.

चौदा नंबर इतर सपाटांपेक्षा वेगळा कसा, हे मला आठवत नव्हतं असं मी संध्याकाळपर्यंत स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला पहिल्या मिनिटाला आठवलं होतं. खड्ड्यांच्या तुकड्याला एकच बाजू कामाची असते आणि ती दिसत नाही. ती ओळखायची माझी एक रीत होती. तुकडा चिमट्यात धरायचा, त्यावर तोंडानं वाफ सोडायची. खड्ड्यांची बाजू असेल तर वाफ उडताना क्षणभर मोरपंखी रंग उमटतो. रंग दिसो वा न दिसो, मऊ कापडानं तुकडा पुसायचा, मग स्पिरिटात बुडवायचा आणि पुढची कामं. सपाट तुकड्याला दोन्ही बाजू सारख्याच, त्याला वाफही नको आणि पुसणंही नको. गेल्या आठवड्यात माझं लक्ष नव्हतं. सपाटांच्या डबीतला एक तुकडा मी खड्ड्यांचा समजून उचलला, वाफ सोडली, रंग नाही, पुसला, उलटा केला, वाफ सोडली, रंग नाही, पुसला, आणि मग चूक कळून हसले आणि तो सपाटांत परत ठेवला. त्याच वेळी त्याचा कोपरा उडाला. तो चौदा नंबर. म्हणजे चार वर्षं माझे खड्ड्यांचे सगळे तुकडे पुसलेले होते आणि सपाट एकही पुसलेला नव्हता. पेशी खड्ड्यांना धरत होत्या की माझ्या पुसण्याला, ते आता एक देव जाणे आणि एक चौदा नंबर. आणि ही वाफ, हे पुसणं मी कुठंच लिहिलेलं नव्हतं. कृतीच्या प्रकरणात बावीस पानं आहेत, स्पिरिट किती टक्के, पाणी किती अंश, सगळं आहे. पुसण्याचं नाही. ते लिहायची गोष्ट आहे हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जेवताना आपण घास चावला असं कुणी लिहितं का?

ती रीत मला प्रयोगशाळेत कुणी शिकवली नव्हती. ती कंदिलाची होती. आमच्याकडे वीज असायची तेव्हा असायची, एरवी कंदील, आणि कंदिलाची काच पुसणं माझ्याकडे, कारण काचेच्या आत जाईल एवढा लहान हात घरात माझाच. शाळेतून आलं की उंबऱ्यावर बसायचं, काचेत तोंडानं वाफ सोडायची, आईच्या जुन्या पातळाचा तुकडा आत कोंबायचा आणि गोल फिरवायचा. आई म्हणायची, ‘‘नव्या कापडानं काच वरखडती, जुनंच घ्यावं.’’ प्रयोगशाळेत पुसायला खास कागद येत, महाग, आणि त्यांचे तंतू सुटत. पहिल्याच वर्षी मी आईच्या पातळाचा एक तुकडा आणला, उकळला, वाफेच्या कुकरात निर्जंतुक केला आणि त्यानंतर तोच वापरला. मॅडमनी एकदा पाहिला आणि ‘छान आहे गं कापड’ म्हणाल्या. त्या शुक्रवारी मी तो तुकडा दिव्याखाली धरला. दिसायला मऊ, धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखा झालेला. त्याच्या धाग्यांत काय होतं कोण जाणे. विहिरीच्या पाण्याचा क्षार, चुलीच्या राखेचा कण, काहीतरी जे उकळून जात नाही आणि प्लॅस्टिकवर ओरखडे काढतं. जुन्यानंही काच वरखडते, आई. मला एकदम तिचा राग आला आणि मग रागाची लाज वाटली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच त्या संध्याकाळी दहादा म्हटलं. एक तुकडा. तीनशेंत एक. तो केराच्या पिवळ्या पिशवीत टाकायचा, ती पिशवी जाळायला जाते. माझा शोधनिबंध छापून आलेला होता, दोन परदेशी लोकांनी तपासून वाहवा केली होती. मॅडमचा पुढचा प्रकल्प त्याच्यावरच मंजूर झाला होता. हेच खड्डे आता धातूवर उठवायचे, आधी सशांच्या मांडीत घालून बघायचे आणि मग एका इस्पितळात बारा पेशंटांच्या खुब्यात. बारा हा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पण मी तुकडा पिशवीत टाकला नाही, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. धैर्य नव्हतं ते. मला फक्त कळून घ्यायचं होतं, जिभेला हलणारा दात सोडवत नाही तसं. शनिवारी सकाळी सातला येऊन मी चार डब्या मांडल्या. पहिलीत खड्ड्यांचे तुकडे, पुसलेले. दुसरीत खड्ड्यांचे, न पुसलेले; त्यांची बाजू मी खिडकीच्या उन्हात तिरपी धरून ओळखली, ते एवढं सोपं होतं की मला रडू आलं. तिसरीत सपाट, पुसलेले. चौथीत सपाट, न पुसलेले. सगळ्यांवर मोजून सारख्याच पेशी सोडल्या, डब्या सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि दार लावलं. पेशींना अठ्ठेचाळीस तास लागतात. त्यांना घाई करता येत नाही आणि त्यांची समजूतही घालता येत नाही. मंगळवारी प्रबंध, सोमवारी पेशी. आणि मधल्या रविवारी गावात माझा सत्कार होता.

सत्काराचा फ्लेक्स मला मोबाईलवर आईनं वाचून दाखवला होता. ‘डिंगोरे गावची सुकन्या डॉ. वृषाली हौशीराम गवंडी हिचे हार्दिक अभिनंदन.’ मी म्हटलं, अगं अजून डॉक्टर झाले नाही. ती म्हणाली, ‘‘आता चार दिसांनी व्हनारच ना? फ्लेक्सवाला पुन्हा कुठं छापनार?’’ शनिवारी डब्या ठेवून लगेच निघाले, आणि एसटीत खिडकीशी बसून मी ते ‘होणारच ना’ घोळवत होते. डिसेंबरची थंडी, खेडचा घाट, मंचरच्या स्टँडवर बटाटेवड्यांचा वास आणि उतरणाऱ्या बायकांच्या पिशव्यांतून डोकावणारी कांद्याची पात. सगळं नेहमीचं होतं आणि मला काहीच नेहमीसारखं दिसत नव्हतं. मी प्रत्येक गोष्टीच्या पृष्ठभागाकडे बघत होते. समोरच्या सीटच्या पत्र्यावर रंग फुगला होता. पुलाच्या कठड्याला पोपडा आला होता. कुठलं धरून आहे आणि कुठलं नुसतं दिसतंय, हे वरून कळत नाही, या एका विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता. डब्यांत आता पेशी तळाला पोचल्या असतील, मी मंचरला मनात म्हटलं. नारायणगावला म्हटलं, आता चाचपायला लागल्या असतील.

आळेफाट्यावर बस बदलावी लागते. ओतूरकडची जीप भरेपर्यंत मी नेहमी पोपटलालशेठच्या दुकानात टेकते. किराणा आणि भुसार, चौकातून आत तिसरं दुकान. शेठ जाऊन चार वर्षं झाली, आता मुलगा बघतो, आणि शेठच्या पत्नी, कस्तुरबाई, दिवसभर मागच्या भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून असतात. पडून खुबा मोडला, धातूचा सांधा बसवला, तेव्हापासून उठ-बस अवघड झालीये. ‘‘ये गं पोरी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हितं बस माझ्यापाशी, स्टुलावर. कवा आलीस?’’ मी बसले. पाठ भिंतीला टेकली आणि थंडीतसुद्धा मला घाम फुटला, का ते कळायला एक क्षण लागला. ही भिंत आण्णांनी केली होती. १९९४ची दिवाळी तोंडावर होती. मी नऊ वर्षांची, सुट्टीला त्यांच्याबरोबर कामावर आले होते आणि दारातल्या वाळूच्या ढिगावर खेळत होते. त्या वेळी या भिंतीला हिरवा तेलरंग होता. चकचकीत, तोंड दिसेल असा. मी त्यात तोंड वेडंवाकडं करून बघितल्याचं मला आठवतं. आण्णा डावीकडून टाचे मारत येत होते, हिरव्या रंगावर पांढरे ठिपके पडत होते. आणि मग मला आठवतं ते इथलं, खुर्चीच्या मागचं. हिरवं, चकचकीत, ठिपक्यांशिवायचं, आणि त्यावर सरळ फासला जाणारा ओला करडा माल. त्यात माझं तोंड बुडालं ते मी पाहिलं होतं. त्याच्या पुढचं काहीच आठवत नाही. मी हात मागं नेला आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. डावीकडे टक् टक्. खुर्चीच्या मागं बद बद. पिकलेलं कलिंगड वाजावं तसं. कपाटाएवढी भिंत पोकळ होती, आणि तिच्या खाली पांढऱ्या केसांचं, नीट भांग पाडलेलं एक डोकं होतं.

‘‘तुझा बाप बी असाच,’’ कस्तुरबाई म्हणाल्या. मी दचकले. ‘‘फाट्यावर आला का पयला हितं येनार. च्या घेनार, अन् जाताना भिंतीला हात लावून जानार. देवाला लावतात ना, तसा. मी म्हनते पोराला, बघ, कारागिराचा जीव कसा कामात असतो. अठरा वर्सं झाली, एवढा पोपडा न्हाई आला.’’ त्यांनी हात मागं नेऊन भिंतीवर दोन थापा मारल्या, कौतुकानं. मला ओरडावंसं वाटलं. आण्णांचा तो हात मी शंभरदा पाहिला होता आणि मलाही तो नमस्कारच वाटत आला होता. ‘‘आन् तुझं काय गं ते?’’ त्या खाली वाकून, दुकानातल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या. ‘‘हौशीराम सांगत व्हता, हाडाला धरनारा सांधा काढलास म्हनून. माझा आत खुळखुळतोय. डाक्टर म्हनतोय पुन्हा करावा लागंल. मी म्हटलं, आमच्या फाट्याची पोरगी करतीये, तिचं हुंदे, मग करू. कवा व्हनार?’’ त्यांचे डोळे घारे आहेत आणि त्यांत जराही संशय नव्हता. मी म्हटलं, ‘‘अजून वेळ आहे, बाई.’’ मी म्हटलं, ‘‘खुर्ची जरा पुढं घेऊ का, उन्हात?’’ त्या म्हणाल्या, नको, पाठीला भिंत बरी वाटते.

सत्कार झाला. मारुतीच्या पारावर शाल, श्रीफळ, फेटा. सरपंचांनी माझ्या संशोधनाविषयी दहा मिनिटं बोलून दाखवलं, ते मला चार वर्षांत जमलं नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आभार मानले आणि खाली बसले, आणि लोकांना मी किती साधी राहिले म्हणून गहिवरून आलं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी घड्याळ पाहिलं. तीस तास. आता ज्या धरायच्या त्यांनी धरलं असेल. मला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. पुसलेले सपाट तुकडे रिकामे निघावेत आणि चौदा नंबर हा निव्वळ अपघात ठरावा, असं मी मारुतीला मनापासून सांगितलं. आणि ते तसं निघालं तरी मी आता त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, हेही मला कळत होतं. फेट्याखाली माझी टाळू खाजत होती.

दिवस कलताना आण्णा ओट्यावर बसून थाप्यांना तेल लावत होते. आई, शीला तिचं नाव, आत शालीची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. मी खाली पायरीवर बसले आणि विचारलं, ‘‘आण्णा, पोपटशेठच्या मागच्या भिंतीला टाचे मारलेत का?’’ त्यांचा हात थांबला. ‘‘कुनी सांगितलं?’’ मी म्हटलं, वाजवून पाहिली. आत आईची चाहूलही थांबली. आण्णांनी फडकं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मला वाटलं ते उठून जातील. ते उठले नाहीत. ‘‘माल कालवून पडला व्हता,’’ ते म्हणाले. ‘‘पानी पडल्यावर सिमिट थांबत न्हाई कुनासाठी. बिगारी साळुबाई घमेलं घिऊन हुबी. आन् तू वाळूवर पडलेली, अंग नुस्तं फणफणतंय, हाक मारली तर ओ दीना. म्हटलं चार हात भिंत राह्यलीये. टाचे मारीत बसलो तर तास जानार. मारला माल तसाच, वरनं रंधा फिरावला अन् तुला खांद्यावर टाकून आळ्याला डाक्टरकडं पळालो.’’ मला ते डॉक्टरचं काहीच आठवत नव्हतं. मला फक्त हिरव्या रंगात बुडालेलं माझं तोंड आठवत होतं. मी विचारलं, ‘‘मग नंतर?’’

‘‘नंतर काय. दुसऱ्या दिशी सांगितलं असतं तर एका दिसाचं काम व्हतं. शेठ काय खात व्हता का मला? पन म्हटलं, दिवाळी हुंदे. मग त्येंनी रंग दिला, लक्षुमीची पूजा मांडली त्याच भिताडापुढं. मग म्हटलं, पाऊसकाळ जाऊंदे. मग शेठ गेला.’’ त्यांनी थापी खाली ठेवली. ‘‘आता कंच्या त्वांडानं सांगू? भिंत पोकळ हाय म्हनून सांगंल मी, पन अठरा वर्सं गप बसलो ते कसं सांगू?’’ मी म्हटलं, ‘‘आण्णा, तिथं कस्तुरबाई बसतात.’’ त्यांचा आवाज एकदम चढला. ‘‘ठावं हाय मला! कंदी बसत्यात, कंदी उठत्यात, समदं ठावं हाय. दर खेपंला हात लावून बघतो, फुगली का बघतो. तू शिकली-सवरली, तुला लई सोपं वाटतंय.’’ आतून आई म्हणाली, ‘‘आवं, सनासुदीच्या दिशी पोरीला कशाला...’’ तिला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि जिच्या तापामुळे हे झालं ती मी तेवढी सत्कार घेऊन बसले होते. मला रडायला आलं, आणि रडता रडता मी त्यांना चौदा नंबरचं सांगितलं. वाफ, कंदील, पातळाचा तुकडा, चार डब्या. आई दारात येऊन उभी राहिली. पातळाचं ऐकून तिनं पदराचं टोक हातात धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला एकच विचारलं, ‘‘कवा कळलं तुला?’’

‘‘परवा. शुक्रवारी.’’

‘‘मंग दोनच दिस झाल्यात की,’’ ते म्हणाले. ‘‘आजून रंग न्हाई दिला कुनी.’’ आणि थाप्या गोळा करून आत गेले.

सोमवारी पहाटेच्या जीपला ते माझ्याबरोबर निघाले. खांद्याला हत्यारांची पिशवी होती. कुठं काम आहे म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जीपमध्ये त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि तो सारखा हलत होता, एरवी ते झाडासारखे बसतात. फाट्यावर पुण्याची बस उभीच होती. मला खिडकी मिळाली. त्यांनी बाहेरून खिडकीच्या गजाला हात लावला, ‘‘जेवत जा यळंवर,’’ म्हणाले आणि चौक ओलांडून गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं. मी मान वळवून बघत होते. आत अंधारात पांढरं डोकं दिसत होतं. आण्णा पायरीशी थांबले. इतका वेळ थांबले की कंडक्टरनं दोनदा बेल मारली. मग त्यांनी चपला काढल्या, आत गेले, कस्तुरबाईंशी काहीतरी बोलले, त्यांच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना उठवलं आणि पायानं खुर्ची भिंतीपासून लांब सारली. बस हलली. पुढं एक कांद्याचा ट्रक आला आणि मला काही दिसलं नाही. पिशवीतून हातोडी निघाली की नाही, ते मला माहीत नाही. कदाचित त्यांनी नुसतं उन्हात बसवलं असेल. राजगुरुनगरपर्यंत मी गिलावा पडल्याचा आवाज ऐकत होते आणि दर वेळी तो बसच्याच पत्र्याचा असायचा.

प्रयोगशाळेत दहाला पोचले. कुणी नव्हतं. इन्क्युबेटरचं दार उघडलं की तोंडावर ऊब येते, तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तशी, आणि त्या दिवशी ती मला सोसवली नाही, मी तोंड फिरवलं. पहिली डबी, खड्डे, पुसलेले. भरलेली, नेहमीसारखी. चौथी, सपाट, न पुसलेले. रिकामी, तीही नेहमीसारखी. या दोनच डब्या मी चार वर्षं बघत आले होते आणि यांच्यावरच बावीस आलेख काढले होते. दुसरी डबी लावताना पाणी सांडलं. खड्डे, न पुसलेले. इकडे एक, तिकडे दोन, बाकी गोळ्या होऊन मेलेल्या. केसाच्या रुंदीत सात-आठशे खड्डे, एवढी मेहनत, आणि पेशींनी त्यांना हातही लावला नव्हता. तिसरी डबी. सपाट, पुसलेले. गच्च भरलेली. मी सर्वांत मोठं भिंग फिरवून तिरपा उजेड टाकला तेव्हा मला ते दिसले. कंदिलाच्या काचेवर असतात तसे गोल गोल ओरखडे, माझ्या हाताच्या फिरण्याचे, आणि प्रत्येक ओरखड्याच्या कडेनं पेशी बोटं रोवून ओळीनं बसलेल्या. आण्णांचं खरं होतं. टाचेच होते. फक्त ते मी मारले होते, पातळाच्या तुकड्यानं, आणि मला पत्ता नव्हता.

पिवळी पिशवी टेबलाच्या पायाशी होती, तोंड उघडं. जाळायला नेणारा माणूस साडेअकराला येतो. चार डब्या, एक वही, वहीतलं एक पान. मी पिशवीकडे बघितलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मला मंगळवार हवा होता. मला सोनेरी अक्षरं हवी होती, फ्लेक्सवर लिहिलेलं खरं व्हायला हवं होतं, आणि आणखी तीन वर्षं, पहिल्यापासून, नव्या वहीनं, मला नको होती. तेवढ्यात जिन्यात मॅडमच्या चपला वाजल्या. त्या नेहमी हसतच आत येतात. ‘‘आला का गं बांधून? मी पेढे आणायला सांगितलेत,’’ म्हणाल्या, पर्स टेबलावर ठेवली, आणि मला सूक्ष्मदर्शकाशी उभी बघून सवयीनं पुढं आल्या. ‘‘आज पण काम? बघू.’’ मी बाजूला झाले. स्टूल पुढं केलं. तिसरी डबी तशीच लावलेली होती. त्या बसल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे लावले. भिंगाचं चाक हळूहळू फिरवलं, आणि मग त्यांच्या तोंडून असा आवाज आला जो चार वर्षांत मी दोनदाच ऐकला होता.

‘‘काय सुरेख धरल्यात गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतक्या ओळीत मी कधी पाहिल्या नाहीत. कुठल्या मापाचे खड्डे हे?’’

‘‘खड्डे नाहीत, मॅडम,’’ मी म्हटलं. ‘‘सपाट आहे.’’

त्यांनी डोळे काढले नाहीत. भिंगाच्या चाकावरचा त्यांचा हात मात्र फिरायचा थांबला.